केळीची फणी घेऊन नेदरलँडला : आमची रोटरी एक्सचेंजची बारा दिवसांची ट्रिप

आल्यापासून क्लबात, नातेवाईकांत, चेंबरवर जो भेटतो तो विचारतो कसं झालं, काय पाहिलं, किती खर्च आला. प्रत्येकाला परत परत सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी हे एक्सचेंज म्हणजे काय ते. रोटरी फ्रेंडशिप एक्सचेंजमध्ये आपण तिकडच्या रोटरीवाल्यांच्या घरी राहायचं, त्यांचं कामकाज बघायचं, आणि मग कधीतरी ते आपल्याकडे येणार, आपल्या घरी राहणार. तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स सगळं स्वतःच्या खिशातून, राहणं-जेवण यजमानांकडे. आम्ही सहा जण होतो. मी आणि आमचे हे (रावेर-सावदा पट्ट्यातले, केळीची शेती आणि केळी पिकवायचं राइपनिंग चेंबर), जळगावचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, जळगावचेच दालमिलवाले आप्पा, आणि अमळनेरच्या शिक्षिका ताई.

२३-२४ एप्रिल २०२५, बुधवार-गुरुवार

निघालो तेव्हा इकडे पारा ४२-४३ ला टेकलेला, आणि आदल्याच दिवशी पहलगामच्या हल्ल्याची बातमी आलेली. कुणाचंच मन ताळ्यावर नव्हतं. गाडीत भुसावळपासून कल्याणपर्यंत कुणी फारसं बोललंच नाही.

सामानात मी आमच्या शेतातली एक कच्ची फणी घेतली होती, पेपरात गुंडाळून, वर टॉवेल. सगळे म्हणत होते एअरपोर्टवर काढून घेतील, पण मी नियम नीट वाचून घेतला होता. युरोपात ताजी फळं-भाज्या न्यायला सर्टिफिकेट लागतं, फक्त पाच फळांना सूट आहे, केळी, अननस, नारळ, ड्युरियन आणि खजूर. आपली केळी त्यात पहिली! दुधाचं मात्र काहीच चालत नाही, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच ठेवा. वांगी न्यायची फार इच्छा होती पण सर्टिफिकेटशिवाय नाहीच. केळी वेफर्स, बिबडे (ज्वारीचे पापड), काळा मसाला, शेंगदाणे नेले.

अ‍ॅमस्टरडॅमचं शिपोल एअरपोर्ट समुद्राच्या पातळीच्या तीन-चार मीटर खाली आहे, हे आम्हाला न्यायला आलेल्या यजमानांनी पार्किंगमध्येच सांगितलं. तिथून गाडीने झीलंड, म्हणजे देशाचा नैऋत्य कोपरा, सगळी बेटं आणि बंधारे. आम्ही दोघं मिडेलबर्ग गावाजवळ एका जोडप्याकडे होतो. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. आजी म्हणाल्या आम्हाला नावाने नको, ओमा आणि ओपा म्हणा. त्यांच्याकडे आजी-आजोबांना तसंच म्हणतात. मला तर एकदम सोपं झालं, वयाने एवढ्या मोठ्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभच वळली नसती.

जेवण संध्याकाळी सहाला! दुपारी नुसता ब्रेड आणि चीज, गरम काही नाही. ज्यांना रात्री नऊला भूक लागायची सवय आहे त्यांनी बॅगेत चिवडा ठेवाच.

२५ एप्रिल, शुक्रवार : केळी पिकवण्याचं केंद्र

सकाळी किचनमध्ये गेले तर ओमा रडकुंडीला आलेल्या. आमची फणी त्यांनी जपून फ्रीजमध्ये ठेवलेली, आणि सकाळपर्यंत सालीवर राखाडी-काळी छटा. त्यांना वाटलं एवढ्या लांबून आणलेली भेट आपल्या हातून खराब झाली. मी त्यांचा हात धरून म्हटलं ओमा, आमच्याकडे नव्या सुनेकडून पण हेच होतं. तेरा डिग्रीच्या खाली गेली की कच्च्या केळीला थंडी बाधते, साल काळवंडते आणि मग ती धड पिकत पण नाही. ओमांनी त्यातली दोन सोलून, उकडून, लोण्यावर परतून नाश्त्याला दिली आणि आम्ही संपवली.

आणि गंमत बघा, त्याच दिवशी आमची व्हिजिट केळीच्या केंद्रात होती. व्लिसिंगेन बंदरात लॅटिन अमेरिकेतून केळीची जहाजं येतात. इक्वेडोर, कोलंबिया, कोस्टा रिका असा दोन आठवड्यांचा वगैरे प्रवास, पूर्ण वेळ १३-१४ डिग्रीवर. केळी हिरवीगार उतरते, आणि मग पिकवण्याच्या खोल्यांमध्ये जाते.

तंत्र आपलंच आहे हो. खोली बंद, एक दिवस इथिलीन, मग हवा खेळती करून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा, आणि रोज तापमान थोडं थोडं उतरवत न्यायचं. आम्ही पण हेच करतो. माझे सासरे तर वखारीत धूर देऊन पिकवायचे, तिथून आम्ही चेंबरवर आलो. त्यामुळे मशिनरी बघून मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते माणसांचे हात बघून.

तिथे एक बाई तपासणीला होत्या. खोका उघडला, १८ किलोचा खोका. वरचा कागद बाजूला केला आणि फणी उचलताना एक हात खालून, दांड्यापाशी, दुसरा हात नुसता आधाराला. बोटं केळीच्या अंगाला लागूच दिली नाहीत. एका केळीच्या गरात थर्मामीटरची सुई खुपसून गराचं तापमान बघितलं, खोलीचं नाही, गराचं. मग भिंतीवरच्या रंगाच्या तक्त्याशी, एक ते सात नंबर, फणी धरून बघितली, लिहून घेतलं आणि परत तशीच अलगद ठेवली. ठेवताना आवाज आला नाही. मी मुद्दाम पुढच्या चार खोक्यांपर्यंत कान देऊन उभी राहिले, एकदाही आवाज आला नाही.

आपल्याकडे घड खांद्यावरून ट्रॅक्टरमध्ये, ट्रॅक्टरमधून ट्रकमध्ये, ट्रकमध्ये पाला आणि त्यावर माणूस उभा. एक्सपोर्टवाली केळी आता आपणही खोक्यात भरतो, ती आखातात जाते, तिची हाताळणी चांगली असते, ते मी बघितलंय. पण जी केळी आपण दिल्लीला, पंजाबला, आपल्याच माणसांना पाठवतो तिची हाताळणी अजून तशीच आहे. बारा महिने पोरासारखी वाढवायची आणि शेवटच्या दोन दिवसात आपटायची. मला तिथे उभं राहून खरंच भरून आलं, आमचे हे पण गप्प झाले.

त्या बाईंनी आमचं बोलणं ऐकलं आणि अचानक हिंदीसारखं काहीतरी बोलल्या. मला आधी कळेना. त्या सुरीनामच्या निघाल्या, दक्षिण अमेरिकेतली पूर्वीची डच वसाहत. १८७३ पासून बिहार-यूपीकडून मजूर जहाजाने सुरीनामला नेले होते, उसाच्या मळ्यांवर, त्यांच्या वंशातल्या. १९७५ ला सुरीनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांचे आई-वडील इकडे आले. घरी भोजपुरीच्या वळणाची भाषा बोलतात. पणजोबांचं गाव कोणतं ते माहीत नाही म्हणाल्या. मी पिशवीतून वेफर्सचं पाकीट काढून दिलं तर त्यांनी ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं.

(शाकाहारी मंडळींसाठी : तिथल्या शहरांत सुरीनामी रोटीची दुकानं असतात, तिथे बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी रोटीबरोबर मिळते. ब्रेड खाऊन कंटाळलात की तेच शोधा.)

२६ एप्रिल, शनिवार : राजाचा वाढदिवस

राजाचा वाढदिवस खरं तर २७ एप्रिलला, पण २७ रविवारी आला की सण शनिवारी करतात, आणि यंदा तसंच होतं. त्या सुमारास जाणार असाल तर वार बघूनच ठरवा.

सगळं गाव नारंगी. शर्ट, टोप्या, पोरांचे गाल, दुकानातल्या पेस्ट्रीवरचं आयसिंगसुद्धा नारंगी. आणि रस्त्यावर लहान पोरं चादर अंथरून आपली जुनी खेळणी, पुस्तकं विकायला बसलेली. त्या दिवशी कुणालाही रस्त्यावर बसून विकता येतं, परवाना लागत नाही. आप्पांमधला व्यापारी जागा झाला, एका सात-आठ वर्षांच्या पोरीकडून लाकडी पवनचक्की घ्यायला अर्धा तास घासाघीस. ती तीन युरो म्हणे, आप्पा दोन. शेवटी आप्पांनी पाच दिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. अमळनेरच्या ताई म्हणाल्या, "भू भारी शे हाई पोर."

२७ एप्रिल, रविवार : ओपांची गोष्ट

हा दिवस मी विसरणार नाही. ओपांनी आम्हाला औवेरकेर्क गावच्या पुराच्या म्युझियमला नेलं. ३१ जानेवारी १९५३ ची रात्र, वादळ आणि भरती एकत्र आली, बांध फुटले, आणि एकट्या नेदरलँडमध्ये १,८३६ माणसं गेली. सगळ्यात जास्त याच झीलंडमध्ये. शेवटचं भगदाड त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँक्रीटच्या अवाढव्य पेट्या बुडवून बुजवलं, आणि म्युझियम त्याच चार पेट्यांच्या पोटात आहे. आत थंड, ओलसर, पावलांचा आवाज घुमतो.

ओपा तेव्हा सहा वर्षांचे. आतमध्ये ते काहीच बोलले नाहीत. बाहेर आल्यावर बांधावर उभं राहून बोलायला लागले. रात्री वडिलांनी उचलून पोटमाळ्यावर नेलं, तिथे दोन रात्री काढल्या. खाली गोठ्यातल्या गाईंचा आवाज येत होता आणि मग हळूहळू एकेक करून थांबला. एवढंच सांगितलं. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले. ओमा लांब गाडीपाशी उभ्या होत्या, मुद्दाम जवळ आल्या नाहीत.

मला आमच्याकडचं जूनचं वादळ आठवलं, एका रात्रीत उभी बाग आडवी होते आणि सकाळी बांधावर माणसं नुसती उभी राहतात ना, तसेच ओपा उभे होते.

तिथून पूर्व स्केल्ड नदीच्या मुखावरचा अडसर बघायला गेलो. नऊ किलोमीटर लांब, ६५ खांब आणि ६२ पोलादी दरवाजे, १९८६ ला सुरू झाला. आधी ते सरळ धरणच घालून समुद्र बंद करणार होते, पण मच्छीमार आणि निसर्गवाले भांडले, भरती-ओहोटी बंद झाली तर शिंपले-कालवं मरतील म्हणून. मग असे दरवाजे केले जे एरवी उघडेच असतात, फक्त वादळात बंद. आमचे हे म्हणाले आमच्या हतनूरला ४१ दरवाजे आहेत तापीवर. ओपांचे डोळे चमकले. तिथून पुढे गाडीत पूर्ण वेळ हतनूर हाच विषय, दरवाजे कधी उघडतात, कोण ठरवतं, खालच्या गावांना कसं कळवतात. एका माणसाला आपल्या धरणात एवढा रस वाटलेला मी पहिल्यांदा बघितला.

आणि ऐका, यंदा तिथे वसंतात पाऊसच नव्हता. ज्या देशाने पाणी बाहेर ढकलायला एवढं केलं तिथले शेतकरी पावसाची वाट बघत होते. आमच्याकडे बोअर दरवर्षी खोल जातेय, मला त्यांची काळजी लगेच कळली.

२८-२९ एप्रिल, सोमवार-मंगळवार

सोमवारी सफरचंद आणि पेअरच्या बागा. झाडं फुलोऱ्यात असताना रात्री दव गोठायची भीती असली की हे लोक स्प्रिंकलर चालू करतात! फुलांवर पाणी गोठून बर्फाचा थर बसतो आणि पाणी गोठताना जी उष्णता सोडतं तिच्यामुळे आतलं फूल वाचतं. पहाट होऊन बर्फ वितळेपर्यंत पाणी चालू ठेवायचं, मधेच बंद पडलं तर फूल गेलं. शेतकरी म्हणाला अशा रात्री बायको थर्मामीटर बघते आणि मी पंप. मी म्हटलं आमच्याकडे लाइटच्या पाळीला हेच चालतं.

संध्याकाळी क्लबची मीटिंग. बॅनरची देवाणघेवाण, फोटो, भाषणं, सगळं ठरल्या मिनिटाला सुरू आणि ठरल्या मिनिटाला बंद. ओळख करून देताना प्रत्येकाने आधी काम सांगायचं. मी गृहिणी म्हणून सुरुवात केली तर ह्यांनी मधेच थांबवून सांगितलं, चेंबर हीच चालवते.

मंगळवारी ज्याच्या त्याच्या व्यवसायाप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी गेलो. डॉक्टर फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, तिथे आधी तो डॉक्टर बघतो आणि त्याने पाठवल्याशिवाय कुणी स्पेशालिस्टकडे जात नाही. ताई शाळेत आणि नंतर मुलांच्या पोहण्याच्या क्लासला. तिथे मुलं परीक्षेला अंगातले कपडे आणि बूट घालून पोहतात, कारण कालव्यात पडलं तर कपड्यांसकटच पडणार ना. ताई हे रात्री सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला. त्यांच्या शाळेतला एक मुलगा विहिरीत गेला होता, काही वर्षांपूर्वी.

३० एप्रिल, बुधवार : आखाजी

आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. माहेरी झोका बांधलेला असेल, गौराईची गाणी चालू असतील, आणि मी इथे. सकाळी आईला फोन केला, रडू आलं. ओमांनी विचारलं काय झालं. सांगितलं की आज लेकी माहेरी जायचा दिवस. त्या म्हणाल्या मग आज हेच माहेर, सांग काय करायचं.

मी म्हटलं भरीत.

वांगी बाजारातून आणली, काचघरात वाढलेली, काळी-जांभळी, चकचकीत. आपली हिरवी पांढुरकी वांगी वेगळीच, पण इलाज नव्हता. कपाशीच्या काड्या कुठून आणणार, ओपांच्या बागेतल्या बार्बेक्यूवर सफरचंदाच्या छाटणीच्या वाळक्या फांद्या पेटवल्या. वांग्यांना तेल लावून, टोचे मारून वर ठेवली. शेजारी दोघं धूर बघून कुंपणापाशी आले तर ओमांनी त्यांनाही बसवून घेतलं. साल करपून तडतडली, आतून पाणी सुटायला लागलं, तेव्हा जो वास आला तो थेट आमच्या मळ्यातला! मिरच्या पण त्याच निखाऱ्यावर. बडगी नव्हती, ओपांनी लाकडी वाडगं आणलं आणि कुटायला लाटण्याची मूठ. लसूण, मिरच्या, वांगी ठेचली, वरून तेलात शेंगदाणे आणि कांद्याच्या पातीची फोडणी. कळण्याच्या भाकरीऐवजी तिथल्या काळ्या ब्रेडबरोबर खाल्लं, तो थोडा आंबूस असतो, छान लागला.

मिरची मी अर्धीच घातली होती. तरी ओपांना घाम फुटला, पण त्यांनी दोनदा वाढून घेतलं. ऊन एवढं पडलं होतं की त्यांच्याकडे एप्रिलमध्ये असं नसतं म्हणे, सगळे अंगणात उशिरापर्यंत बसलो. ताईंनी गौराईचं गाणं म्हटलं, ओमांनी त्यांच्या आईचं एक झोपवायचं गाणं.

१-२ मे, गुरुवार-शुक्रवार

ओमा-ओपांचा निरोप घेताना जे झालं ते लिहीत नाही. वाटेत क्यूकेनहॉफची ट्युलिप बाग, ७० लाख कंद दरवर्षी हाताने लावतात. सुंदर आहेच, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. तिकीट आधीच ऑनलाइन घ्या आणि सकाळी लवकर जा, अकरानंतर जत्रा.

शुक्रवारी पहाटे आल्समेअरचा फुलांचा लिलाव. आपल्या हर्राशीत भाव चढतो, इथे उलटा, घड्याळाचा काटा वरच्या भावावरून खाली घसरतो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. थांबलात तर स्वस्त मिळेल, पण थांबलात तर जाईलही. आता बहुतेक खरेदीदार घरून ऑनलाइन दाबतात. आप्पा तासभर वरच्या गॅलरीतून हलले नाहीत.

दुपारी वागेनिंगेन. तिथल्या विद्यापीठात केळीवरच्या पनामा रोगाच्या टीआर-४ बुरशीवर संशोधन चालतं. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, औषध नाही. आपल्या देशातही बिहार-यूपीत आली आहे. म्हणून त्यांनी माती सोडून नारळाच्या भुशात आणि दगडी लोकरीत (दगड वितळवून केलेले तंतू) केळी लावून बघितली आणि २०१८ मध्ये तिचे घड कापले. ह्यांनी विचारलं की आमच्याकडे काय करावं. तिथल्या संशोधकांनी दिलेलं उत्तर शेतकरी भावांसाठी जसंच्या तसं सांगते : बाहेरच्या भागातून कंद आणू नका, खात्रीची टिश्यू कल्चरची (लॅबमध्ये वाढवलेली) रोपंच लावा, आणि दुसऱ्याच्या बागेतून आलेले बूट, अवजारं, ट्रॅक्टरचं चाक धुतल्याशिवाय आपल्या बागेत घालू नका. आमच्याकडे मजूर टोळी सकाळी एका शेतात आणि दुपारी दुसऱ्या. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

३ ते ५ मे

शनिवारी आराम आणि ऱ्हाईनच्या बांधावर सायकल. (लाल रंगाचा पट्टा सायकलवाल्यांचा असतो, त्यावर चालत फोटो काढू नका, जोरात येतात.)

४ मे ला संध्याकाळी गावच्या स्मारकापाशी गेलो. झेंडे अर्ध्यावर. बरोबर आठला दोन मिनिटं सगळा देश थांबतो, युद्धात गेलेल्यांसाठी. आठ वाजता तिथे अजून ऊन असतं. शेकडो माणसं, कडेवरची पोरं, कुत्री, आणि आवाज फक्त पाखरांचा. आमच्या मनात पहलगाम. डॉक्टरीणबाईंनी माझा हात घट्ट धरला. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्या बाईंनी ते बघितलं आणि दुसरा हात त्यांनी धरला.

दुसऱ्या दिवशी मुक्तीदिन, यंदा ८० वर्षं. १९४५ ला याच वागेनिंगेनच्या एका हॉटेलात जर्मन सैन्याच्या शरणागतीची बोलणी झाली होती, त्यामुळे इथला उत्सव मोठा. बँड, मिरवणूक, तरुण पोरांची गर्दी. आम्ही दुपारपर्यंत थांबलो आणि एअरपोर्ट गाठलं.

जाणाऱ्यांसाठी

व्हिसाची तयारी तीन महिने आधी सुरू करा, यजमानांचं निमंत्रणपत्र आणि किमान ३०,००० युरो कव्हरचा इन्शुरन्स लागतो. रेल्वे-बसला आपलं टॅप करायचं बँक कार्ड चालतं, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवा. एक जाड जाकीट नेण्यापेक्षा तीन पातळ कपडे न्या. भेटीला शोपीस नका नेऊ, खायचं न्या आणि करून घाला.

आता आपली पाळी आहे. आठ जण येणार, चार घरं हवीत, रावेर, जळगाव, अमळनेर, पाचोरा कुठेही चालेल. खोली साधी असली तरी चालेल पण बाथरूम जवळ हवं, ओपांचा गुडघा दुखतो. ओमा तारीख विचारताहेत. मी त्यांना कळवलंय, हतनूरचे दरवाजे उघडलेले बघायचे तर पावसाळ्यात या, आणि आमच्या मळ्यातल्या वांग्याचं भरीत खायचं तर थंडीत. ओपांचं अजून ठरत नाहीये.